केमिस्ट्री डिपार्टमेंटसाठी ब्रेकेजचं वेब अ‍ॅप करतोय, वहीतली लाल शाई कुठे बसवू?

कोडगा_२१

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. टीवाय बीएस्सी आयटीला आहे, कॉलेज मध्य रेल्वेवर, नाव लिहीत नाही कारण आमचे सर पण अशा साइट वाचतात.

आमचा चौघांचा ग्रुप. आमच्याकडे प्रोजेक्ट म्हणजे दरवर्षी तेच, हॉस्पिटल मॅनेजमेंट, हॉटेल बुकिंग, नाहीतर सिनेमाची तिकिटं. सिनियरचं ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बाइंड केलेला रिपोर्ट) घ्यायचं, पहिलं पान बदलायचं, बाइंडिंगला टाकायचं. या वर्षी गाइड सर म्हणाले की कॉलेजातलं कुणीतरी खरोखर वापरेल असं करा, नाहीतर सही मिळणार नाही. मग आमची वरात निघाली. लायब्ररीत गेलो तर तिथे कोहा नावाचं लायब्ररीचं सॉफ्टवेअर आधीपासून आहे (न्यूझीलंडच्या एका लायब्ररीने स्वतःसाठी करून घेतलेलं आणि २००० पासून सगळ्या जगाला फुकट, त्याच्यापुढे आम्ही काय दिवे लावणार), जिमखान्यात कुणी भेटलंच नाही, शेवटी केमिस्ट्रीच्या एचओडी मॅडम म्हणाल्या, आमचं ब्रेकेजचं करून द्या.

ज्यांनी सायन्स केलं नाही त्यांच्यासाठी, प्रॅक्टिकलला हातून बीकर, पिपेट काहीही फुटलं की लॅब अटेंडंट काका वहीत नाव लिहितात. वर्षाच्या शेवटी तेवढे पैसे ऑफिसात भरायचे, पावती काकांना दाखवायची, मग नो ड्यूजवर सही, आणि नो ड्यूज नाही तर हॉलतिकीट नाही. मार्चमध्ये लॅबबाहेरची लाइन जिन्याखाली जाते आणि काका एकटे तीन वह्या उघडून नावं शोधत बसतात.

आम्हाला वाटलं पंधरा दिवसांचं काम. तीन टेबलं, विद्यार्थी, सामान, फूटतूट. पीएचपी आणि मायएसक्यूएल, कारण कॉलेजच्या लॅन वर (आतल्या नेटवर्कवर) तेवढंच चालतं. बारा दिवसांत झालं पण. मॅडमच्या केबिनमध्ये डेमो दिला, पाय चार्ट फिरत फिरत आला, मॅडम खूश, आम्हाला सामोसा आणि चहा.

महिनाभराने उघडून बघितलं तर एकूण नोंदी चार. चारही आम्हीच टेस्टिंगला टाकलेल्या.

मग सरांनी झापलं की डेमो एचओडींना दिलात, वापरणार कोण? म्हणून एका मंगळवारी मी एफवायच्या प्रॅक्टिकलला दुपारी दोन ते पाच लॅबमध्ये स्टुलावर बसून राहिलो. तीन तासांत सात वेळा काच फुटल्याचा आवाज आला. काकांचे हात ओले, एका हातात डिस्टिल्ड वॉटरची बाटली, वॉश बेसिनपाशी वही उघडीच ठेवलेली आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. आवाज झाला की दोन पावलं, खर्र्कन ओळ ओढली, परत आपल्या कामाला. दहा सेकंद पण नाही. आमच्या अ‍ॅपचा पीसी कुठे, तर बाजूच्या खोलीत, लॉगिन करा, कॅप्चा भरा (कॅप्चा! लॅनवर! ही आमच्या एका हुशार मित्राची आयडिया), मग चौसष्ट वस्तूंचा ड्रॉपडाउन, त्यात बीकरच आठ प्रकारचे. काकांना विचारलं तुम्ही का नाही वापरत, तर म्हणाले, "वहीला लाइट लागत नाही रे बाळा."

आणि खरी अडचण पुढे. वही बघायला मागितली. सात वेळा काच फुटली त्यातली चारच नावं लाल शाईत. एक पेन्सिलीने. एकापुढे नुसतं "त". आणि एक लिहिलंच नाही. मी विचारलं हे काय, तर म्हणाले तुला नाही कळायचं.

तर माझे प्रश्न. एक, हे लाल, पेन्सिल, "त" डेटाबेसमध्ये कसं बसवायचं की बसवायचंच नाही आणि सरळ फुटलं म्हणजे फुटलं करायचं? मॅडमचं म्हणणं दुसरं आहे, सगळं ऑटोमॅटिक हवं. दोन, ऑफिसने दिलेल्या एक्सेलमधून मुलांची नावं टाकली तर डुप्लिकेट एन्ट्री म्हणून बोंबलतंय, पीआरएन (युनिव्हर्सिटीचा कायमचा नोंदणी नंबर) प्रत्येकाचा वेगळा असतो ना? तीन, काकांना स्क्रीन मराठीत पाहिजे, आम्ही मराठी टाइप केलं की सेव्ह होऊन नुसती प्रश्नचिन्हं येतात.

---

नुसता_वाचक

पहिली गोष्ट, कॉलेज तुमच्याकडून फुकटात सॉफ्टवेअर करून घेतंय हे कळतंय का? फी घेतात, वर काम पण करून घेतात. बाहेरून करून घेतलं असतं तर कोटेशन मागवलं असतं, तीन कोटेशनं, कमिटी, सह्या. तुम्हाला काय मिळालं, सामोसा.

---

सातअडतीसची_बदलापूर

कुर्ल्याला चढतो त्यामुळे उभ्यानेच टाइप करतोय, चुका पोटात घाला. वीस वर्षं हेच काम करतोय, तीन नंबरपासून सुरू करतो कारण ते सोपं आहे. तुमच्या कॉलमचं कॅरेक्टर सेट (कुठली अक्षरं साठवता येतात ते) लॅटिन-१ असणार, त्यात देवनागरी मावत नाही म्हणून तो बापडा प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो आणि लक्षात ठेवा ती नावं गेली, परत येणार नाहीत, पुन्हा टाकावी लागतील. टेबल यूटीएफ८एमबी४ करा आणि पीएचपीच्या कनेक्शनला पण तेच सांगा, नुसतं टेबल बदलून अर्धवट राहतं आणि मग माणूस रात्रभर डोकं आपटतो (अनुभव). मायएसक्यूएलच्या नुसत्या यूटीएफ८ मध्ये पण देवनागरी बसते कारण आपलं अक्षर तीन बाइटचं, पण इमोजी चार बाइटची आणि आजकालची पोरं नावात पण इमोजी टाकतात.

आता पीआरएन. तो सोळा आकडी असतो बरोबर? एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच लक्षात ठेवतं. सोळावा आकडा शून्य करून टाकतं, विचारत पण नाही. म्हणजे ज्या दहा पोरांचे नंबर फक्त शेवटच्या आकड्याने वेगळे ते सगळे एकच होऊन बसले. तुमच्या ऑफिसातल्या कुणीतरी नंबर टाकायच्या आधी कॉलम टेक्स्ट केला नाही. फाइल उघडून बघा, सगळ्यांच्या शेवटी शून्य असेल. दुरुस्त करता येत नाही, मूळ यादी परत मागा. आणि तुमच्या टेबलात पण पीआरएन आकडा म्हणून ठेवू नका, मजकूर म्हणून ठेवा. ज्याची बेरीज वजाबाकी करत नाही तो आकडा नव्हेच, मोबाइल नंबर, पिनकोड, पीआरएन सगळं मजकूर.

ठाणं आलं, बसायला मिळालं. वहीचा प्रश्न माझ्या कुवतीबाहेरचा आहे, पण एक सांगतो, काका "तुला नाही कळायचं" म्हणाले तिथेच तुमचा प्रोजेक्ट आहे, बाकीचं नुसतं टायपिंग.

---

कोडगा_२१

शून्य!!! सगळ्यांच्या शेवटी शून्य. एकशेअठरा मुलं आणि वेगळे नंबर फक्त चौदा. आम्ही चार दिवस आमच्या कोडमध्ये बग शोधत होतो.

रोल नंबर प्रायमरी की (प्रत्येक मुलाची एकमेव ओळख) करावी असं मित्र म्हणतोय, त्यात अडचण नाही ना?

---

सातअडतीसची_बदलापूर

पुढच्या जूनमध्ये रोल नंबर एकवर दुसरं पोरगं येईल आणि मागच्याच्या तीन टेस्ट ट्यूब त्याच्या डोक्यावर बसतील. नको.

---

पिपेटबाई

मी केमिस्ट्री शिकवली, एकतीस वर्षं, आता निवृत्त. हा धागा लेकीने पाठवला. वहीतल्या खुणांबद्दल लिहिते, प्रत्येक लॅबची भाषा वेगळी असते पण अर्थ बहुतेक हाच असतो.

लाल म्हणजे पैसे यायचे आहेत. पेन्सिल म्हणजे पोरगं म्हणालंय की मी बाजारातून आणून देतो. प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन तसाच फ्लास्क आणून दिला की खोडरबराने नाव पुसायचं, म्हणून पेन्सिल. "त" म्हणजे तडा. सामान आधीच तडकलेलं होतं, मुलाचा दोष नाही, पैसे नाहीत. आता खरोखर तडा होता की नव्हता हे अटेंडंटलाच माहीत. बरेचदा नसतो. पहिल्या सेमिस्टरचं घाबरलेलं पोर, हात थरथरतोय, त्याला कुठे पैसे लावणार.

आता न लिहिलेल्याबद्दल. तुमच्या मॅडमना वाटतं की प्रत्येक फुटलेल्या काचेची नोंद आणि प्रत्येक नोंदीला दंड. मी पण तरुणपणी एक वर्ष तसं केलं होतं. त्या वर्षी ब्रेकेज एकदम कमी झालं, मी खूश. दिवाळीच्या सुट्टीत सफाईच्या बाईंनी सिंक उघडलं तर खालच्या ट्रॅपमध्ये पिपेटचे तुकडे, डस्टबिनमध्ये फिल्टर पेपरखाली बीकरची काच, आणि त्या बाईंचा तळहात चिरला, टाके पडले. दंड जबर केला की फुटणं थांबत नाही, सांगणं थांबतं. थर्मामीटर पाऱ्याचा असेल तर आणखीनच वाईट. पारा टेबलाखाली घरंगळतो आणि कुणी बोलत नाही. तो ताबडतोब कळला पाहिजे, त्यावर गंधकाची पूड टाकून गोळा करायला पाहिजे, तिथे चाळीस-पन्नास रुपयांचा हिशेब कोण करतंय?

तुमचे काका कोणाला लाल लिहायचं आणि कोणाला नाही हे ठरवतात म्हणून मुलं त्यांच्याकडे येऊन सांगतात, काका, फुटलं. ते सांगणं बंद पडेल असं काही बनवू नका.

---

नुसता_वाचक

बाई, मान्य, पण मग ही मनमानी झाली. काकांना जो आवडतो त्याला "त" आणि जो उलट बोलतो त्याला लाल. माझ्या वेळी असंच होतं, आमच्या बॅचमध्ये एकाचं नाव कधीच लाल झालं नाही कारण तो काकांना तंबाखू आणून द्यायचा. कॉम्प्युटरला तंबाखू लागत नाही हा तर फायदा आहे ना.

---

पिपेटबाई

तंबाखूवाले मी पण पाहिलेत, नाकारत नाही. पण सिंकमध्ये हात तुमचा नाही जात.

---

खर्डेघाशा

कॉलेजच्या अकाउंट्समध्ये आहे (दुसऱ्या कॉलेजच्या). एक वेगळाच मुद्दा, अ‍ॅपमध्ये पैसे घेऊ नका. तुम्ही आता लिहाल की यूपीआय टाकतो, क्यूआर लावतो. कुणाच्या खात्याचा क्यूआर? काकांचा? मॅडमचा? आमच्याकडे एका डिपार्टमेंटने असं केलं होतं, ऑडिटला दोन वर्षं उत्तरं देत होते. पैसे ऑफिसच्या खिडकीवर, पावती पुस्तकाची पावती, आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये फक्त पावती नंबर टाकायला एक रकाना. बास. त्या रकान्यात तोच नंबर दोनदा आला तर ओरडायला लावा, एकच पावती तीन मित्र दाखवतात हे आम्ही रोज बघतो.

आणि ब्रेकेज वेगळं, डेडस्टॉक वेगळं. टेस्ट ट्यूब, बीकर हे खपाचं सामान. बॅलन्स, ओव्हन, पीएच मीटर हे डेडस्टॉक रजिस्टरला चढतं आणि त्यातून काढायचं तर राइट ऑफ लागतं, सह्या लागतात. दोन्ही एका टेबलात कालवू नका, नाहीतर कुणाच्या तरी हातून चुकून अख्खा ओव्हन ब्रेकेजमध्ये जाईल.

---

कोडगा_२१

सगळ्यांचे आभार, एवढं आमच्या व्हायव्हाला पण कुणी सांगितलं नसतं.

या आठवड्यात परत लॅबमध्ये बसलो, यावेळी दोघं. ब्युरेटची (खाली तोटी असलेली, द्रव मापून सोडायची उभी काचेची नळी) गंमत ऐका. एका मुलीच्या ब्युरेटची खालची काचेची टोटी तुटली. मी लगेच मनात म्हटलं, ब्युरेट, ५० मिली, एक नग, लाल. काकांनी तुटकी कड घासून घेतली, रबराची नळी चढवली, पिंच कॉक (नळी दाबून धरणारा चिमटा) लावला आणि ब्युरेट वेगळ्या स्टँडला अडकवली. म्हणाले ही आता कॉस्टिकला (कॉस्टिक सोड्याला) द्यायची, परमँगनेटला नाही. मला काही कळेना. तर कॉस्टिकने काचेची टोटी कालांतराने अडकून बसते म्हणून त्याला रबरवालीच बरी, आणि परमँगनेट रबर खातं म्हणून त्याला काचेचीच टोटी पाहिजे. म्हणजे ती ब्युरेट फुटली पण आणि कामाची पण झाली. आमच्या टेबलात दोनच अवस्था होत्या, आहे आणि फुटलं.

मुलीचं नाव वहीत कसं लिहिलं ते बघायला मी मान लांब केली. "त".

तर आम्ही सगळं मोडून परत मांडलंय. जुना अँड्रॉइड टॅब मिळाला एका मित्राच्या घरून, कोपऱ्यात चीर गेलेला (त्याला पण "त"), तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बेसिनपाशी वहीच्या शेजारी टांगलाय. लॉगिन नाही, तो टॅब फक्त लॅबच्या वायफायवर चालतो. सहा मोठी चित्रं, टेस्ट ट्यूब, बीकर, कोनिकल फ्लास्क, पिपेट, ब्युरेट, थर्मामीटर, कारण तीन वह्या मोजून बघितल्या तर दहातल्या नऊ नोंदी याच सहांच्या आहेत. सातवं "इतर". चित्र दाबलं की त्या बॅचच्या मुलांचे टेबल नंबर येतात, नावं नाहीत, कारण काकांना नाव माहीत नसतं, "खिडकीजवळची तिसरी" माहीत असतं. मग चार बटणं. लाल. पेन्सिल. त. चौथं दुरुस्त, ब्युरेटसाठी. बटणांचे रंग वहीतल्यासारखेच.

मॅडमना अजून "त" बटण दाखवलेलं नाही.

---

आई_टीवायची

माझा मुलगा पण असंच काहीतरी करतोय दुसऱ्या कॉलेजात आणि रात्री तीन तीन वाजेपर्यंत जागा असतो, आम्हाला वाटायचं गेम खेळतोय. मॅडमना लपवू नकोस रे बाळा, उद्या त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर सगळा राग काकांवर निघेल, तू तर पास होऊन जाशील.

---

जुनापापी

आईंना अनुमोदन, आणि पास होऊन जाण्याबद्दल माझं पाप कबूल करतो. २०१४ ला आम्ही डिपार्टमेंटसाठी टाइमटेबल आणि नोटिसांची साइट केली होती, तेव्हा फार भारी वाटलेलं, प्रिन्सिपॉलांच्या हस्ते उद्घाटन वगैरे, नारळ फोडला होता कीबोर्डशेजारी. डोमेन माझ्या भावाच्या कार्डावर घेतलं होतं. पास झालो, नोकरी लागली, पुण्याला गेलो, कार्ड बदललं, डोमेनची मुदत संपली. कुणीतरी ते उचललं आणि त्यावर पत्त्यांच्या जुगाराची साइट चालू केली. कॉलेजच्या मुख्य साइटवर आमची लिंक तशीच. वर्षभर "विद्यार्थ्यांसाठी सूचना" वर क्लिक केलं की तीन पत्ती. मला फोन आला तेव्हा सरांचा आवाज असा होता की अजून त्या स्टेशनला उतरत नाही मी.

म्हणून, स्वतःच्या नावावर काहीही घेऊ नका. कॉलेजचं स्वतःचं डॉट एसी डॉट इन असेल तर त्याच्याच पोटात जागा मागा. लॅनवरच ठेवताय तर उत्तमच. पासवर्ड एका कागदावर लिहून सीलबंद पाकिटात मॅडमच्या कपाटात. हसू नका. आणि एसवायचे दोन ज्युनियर आत्तापासून बरोबर घ्या, मार्चमध्ये नाही, आत्ता. त्यांना बग सोडवायला द्या आणि तुम्ही मागे हात बांधून उभे राहा. फार अवघड असतं ते.

---

सातअडतीसची_बदलापूर

आज मेगाब्लॉकमुळे घरीच, म्हणून निवांत लिहितो. मुलांना आपापली बाकी बघायला पान दिलंय का? त्या पानाच्या वेब पत्त्याच्या शेवटी "आयडी=११२" असं काही दिसतंय का? तिथे ११३ टाकून बघा.

---

कोडगा_२१

उशीर झाला, काल एफवायच्या एका पोराने नेमकं तेच केलं आणि अख्ख्या वर्गाची बाकी काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. "केमिस्ट्रीचा हर्षद मेहता" म्हणून एकाचं नाव पडलंय, बाकी दोनशे ऐंशी रुपये. मॅडम भडकल्या. तो आम्हाला ज्युनियर म्हणून पाहिजे असं मी सरांना सांगितलं.

---

सातअडतीसची_बदलापूर

बरोबर निवड. घाबरू नका, ही जगातली सगळ्यात कॉमन चूक आहे, ओडब्ल्यूएएसपी नावाची जी संस्था वेबमधल्या सुरक्षेच्या चुकांची यादी काढते त्यांच्या २०२१ च्या यादीत ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल (ज्याला हक्क नाही त्याला दिसणं) पहिल्या नंबरवर होतं, एसक्यूएल इंजेक्शनची (रकान्यातून डेटाबेसला हुकूम घुसवणं) जात तिसऱ्या. माणूस लॉगिन झाला म्हणजे काम झालं असं नाही, मागितलेली ओळ त्याचीच आहे का हे सर्व्हरने दर वेळी तपासायचं. पासवर्ड तसेच्या तसे ठेवले असतील तर तेही आजच बदला, पीएचपीत २०१३ पासून तयार फंक्शन आहे हॅश करायचं (म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येऊ नये असा बदलून ठेवायचं), एमडी५ शिकवलं असेल कॉलेजात तर ते विसरा. आणि मोबाइल नंबर, जन्मतारीख, आधार काही गोळा करू नका. २०२३ चा डेटाचा कायदा आहे, त्यात दंड २५० कोटींपर्यंत जातो. ब्युरेटसाठी कुणी तुमच्या दारात येणार नाही, पण जे घेतलंच नाही ते फुटतही नाही.

---

नुसता_वाचक

शेवटचं वाक्य काचसामानाला पण लागू :)

---

कोडगा_२१

बरेच दिवसांनी लिहितोय, सबमिशन, टर्म टेस्ट सगळं एकदम आलं.

डिसेंबरमध्ये शनिवारी लाइट गेली, लॅब पीसीला यूपीएस आहे पण बॅटरी मेलेली (डेडस्टॉकला मात्र जिवंत), सोमवारी डेटाबेस उठेना. बॅकअप होता, रोज रात्री बाराला आपोआप घ्यायचा असं लावलं होतं आणि रात्री बाराला तो पीसी बंद असतो हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. शेवटचा बॅकअप तेवीस दिवसांपूर्वीचा. मी अक्षरशः जिन्यात बसलो.

काकांनी वही पुढे केली. त्यांनी टॅब आल्यापासून एक दिवस वही बंद केली नव्हती. दोन्हीकडे लिहीत होते. तेवीस दिवसांच्या नोंदी आम्ही कँटीनमध्ये बसून परत टाकल्या, एक वाचतोय, एक दाबतोय, संध्याकाळी सातला संपलं. आता बॅकअप दुपारी सव्वा एकला होतो, लॅबच्या जेवणाच्या सुट्टीत, आणि आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर, तो पेनड्राइव्ह वहीच्या दोऱ्याला बांधलाय.

मॅडमना "त" दाखवलं. आईंनी सांगितल्यावर दोन आठवडे धीर गोळा करत होतो. पिपेटबाईंची सिंकवाली गोष्ट जशीच्या तशी वाचून दाखवली. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "त" राहू दे, पण महिन्याला किती "त" झाले ते मला दिसलं पाहिजे, नावं नकोत, फक्त आकडा. काकांना विचारलं तर म्हणाले चालेल, मॅडम मोजतील तर मी पण जरा बघून देईन. तंबाखूवाल्या सरांना उत्तर मिळालं असावं.

---

नुसता_वाचक

मिळालं. फुकटाबद्दल मात्र मत तेच आहे, निदान कॉलेजच्या लेटरहेडवर चौघांच्या नावाचं पत्र तरी घ्या, आणि त्यात "वापरात आहे" असे शब्द पाहिजेत. तुमच्या बॅचमध्ये तसं लिहून मिळणारा दुसरा कुणी नसेल.

---

कोडगा_२१

शेवटचं अपडेट. मार्चची नो ड्यूज काल झाली. लाइन होती, पण पॅसेजमध्येच संपली. पावती नंबर दोनदा आला म्हणून सिस्टीम तीनदा ओरडली, खर्डेघाशा साहेबांना साष्टांग. दोन ज्युनियर खिडकीशी बसले होते, मी मागे हात बांधून, जुनापापी म्हणतात तसं, आणि खरंच फार अवघड असतं.

सगळं आवरल्यावर काकांनी कपाटातून एक जुनी वही काढली. मी अकरावी-बारावी याच कॉलेजात केलं, तेव्हा काका ज्युनियरच्या लॅबला होते हे मला आठवत पण नव्हतं. पान उलटून बोट ठेवलं. माझं नाव, थर्मामीटर, आणि पुढे "त".

तडा नव्हता. खिशात खुपसून पळापळी करत होतो, खाली वाकलो आणि पडला. काकांना मी सांगितलं होतं की आधीच तडकलेला होता.

---

पिपेटबाई

त्यांना तेव्हाच माहीत असणार.

---

खर्डेघाशा

मग आता पैसे भर.

---

कोडगा_२१

भरले, आज सकाळी, खिडकीवर, पावती घेतली. काका म्हणाले आता टॅबमध्ये टाक. टाकायला गेलो तर पीआरएन मागतंय, आणि अकरावीला पीआरएन नसतो. ज्युनियर बघतोय.